स्तोत्रांचा बाजार आणि चारित्र्याचे मोल

१० जून २०२५ रोजी मायकेल टेट या अमेरिकन गायकाने एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले आणि ख्रिस्ती संगीताच्या विश्वात मोठी खळबळ माजली. टेट हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. परंतु अमेरिकेतील श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांत ते दोन पिढ्यांना ठाऊक आहे. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात १९८७ च्या सुमारास तीन तरुणांनी ‘डीसी टॉक’ नावाचा गायकवृंद उभा केला, त्यांतील ते एक. पुढे २००९ पासून ‘न्यूजबॉइज’ या तितक्याच विख्यात वृंदाचे ते मुख्य गायक होते. ‘गॉड्स नॉट डेड’ या २०१४ सालच्या चित्रपटात हा वृंद झळकला. सुमारे वीस लाख डॉलर खर्चून काढलेल्या त्या चित्रपटाने सहा कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले, यावरून या क्षेत्राच्या आर्थिक आवाक्याची कल्पना यावी.

जानेवारी २०२५ मध्ये टेट यांनी वृंद सोडला. ४ जून रोजी ‘द रॉइज रिपोर्ट’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेने आपला दीर्घ तपास प्रकाशित केला. त्यात तीन पुरुषांनी टेट यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते. सहा दिवसांनी आलेल्या निवेदनात टेट यांनी या वृत्तांतील बराचसा भाग खरा असल्याचे मान्य केले. सुमारे दोन दशके आपण कोकेन आणि मद्याच्या आहारी गेलो होतो, काही प्रसंगी पुरुषांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्पर्श केला आणि लोकांसमोर एक, तर प्रत्यक्षात दुसरे, असे दुहेरी आयुष्य जगत राहिलो, असा त्या कबुलीचा आशय होता. न्यायालयाचा निर्णय झालेला नसल्याने या कबुलीपलीकडचे काहीही येथे सिद्ध मानलेले नाही. पण जे कबूल झाले, तेच विचार करायला लावणारे आहे.

विचार करायचा तो एका व्यक्तीच्या पतनाचा नव्हे. माणसे घसरतात, कोणत्याही धर्मात, कोणत्याही व्यवसायात घसरतात. प्रश्न असा आहे की, वीस वर्षे एखादा मनुष्य रोज सायंकाळी हजारो मुलामुलींसमोर पावित्र्याचे गुणगान करतो, त्यानंतरच्या रात्री वेगळ्याच असतात, आणि त्याच्या आजूबाजूची माणसे, व्यवस्थापक, ध्वनिमुद्रण कंपन्या, आकाशवाणी केंद्रे आणि चर्चचे आयोजक यांच्यापैकी कोणालाच काही जाणवत नाही, हे शक्य आहे काय? तपासवृत्तात तर ही गोष्ट नॅशव्हिलच्या संगीतवर्तुळात अनेकांना ठाऊक असल्याचे सांगणारे साक्षीदार आहेत. मग ‘ठाऊक’ आणि ‘उघड’ यांच्यामध्ये जी भिंत उभी होती, ती कोणी बांधली? ती कशाची बनलेली होती?

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. हा लेख ख्रिस्ती धर्मावर नाही, ख्रिस्ती भक्तीवरही नाही. हे प्रकरण उजेडात आणणारे पत्रकार स्वतः निष्ठावान ख्रिस्ती आहेत आणि ज्यांच्यावर अन्याय झाला तेही बहुतांशी त्याच श्रद्धेचे आहेत. हा लेख आहे तो भक्तीला मालाचे स्वरूप देणाऱ्या एका उद्योगावर.

उपासनेपासून उद्योगापर्यंत

ज्याला ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ म्हणतात त्याचा उगम साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झाला. केस वाढविलेले, व्यसनांतून बाहेर पडू पाहणारे हिप्पी तरुण येशूकडे वळले आणि येताना आपली गिटारही घेऊन आले. लॅरी नॉर्मन या गायकाचा १९६९ सालचा संग्रह या धारेतील आरंभीच्या कृतींपैकी एक मानला जातो. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या चर्चने या तरुणांना आसरा दिला आणि त्यांची गाणी प्रसिद्ध करण्यासाठी १९७१ मध्ये ‘मारानाथा म्युझिक’ ही संस्था उभी केली. त्या आरंभीच्या गाण्यांत कच्चेपणा असेल, पण खोटेपणा नव्हता, असे म्हणता येईल.

पैसा मागाहून आला, आणि तो आला तेव्हा वेगाने आला. टेक्सासमधील वॅको येथे १९५१ मध्ये स्थापन झालेली ‘वर्ड’ ही कंपनी आधीपासून या क्षेत्रात होतीच. १९६४ मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशन ही व्यावसायिक संघटना आणि १९६९ पासून तिचे ‘डव्ह’ पुरस्कार सुरू झाले. एमी ग्रँट या तरुण गायिकेच्या १९८२ सालच्या संग्रहाने या क्षेत्रात खपाचा विक्रम केला आणि १९९१ मध्ये तिचे गीत अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा मोठ्या भांडवलदारांचे लक्ष इकडे वळले नसते तरच नवल. १९९२ मध्ये ‘स्पॅरो’ ही ख्रिस्ती कंपनी ईएमआयने घेतली. ईएमआयचा संगीतव्यवसाय २०१२ मध्ये युनिव्हर्सलकडे गेला आणि त्याबरोबर हा विभागही गेला. दुसरा मोठा समूह सोनीच्या छत्राखाली आहे. म्हणजे देवाची स्तुती गाणाऱ्या गीतांचे हक्क ज्या कंपन्यांकडे आहेत, त्याच कंपन्या त्याच इमारतीत सर्वथा उलट आशयाची गीतेही विकत असतात. व्यापारी कंपनीला दोन्ही सारखीच. कारण दोन्हींचा हिशोब एकाच वहीत लिहिला जातो.

चर्चमध्ये सामुदायिक उपासनेच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या गीतांचाही असाच हिशोब असतो. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेली सीसीएलआय ही संस्था चर्चच्या आकारानुसार परवाना शुल्क घेते आणि गीतकारांना व प्रकाशकांना त्याचा वाटा देते. जगभरातील दोन लाखांहून अधिक चर्च तिचे परवानाधारक आहेत. गीतकाराला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, यात गैर काही नाही. पण या व्यवस्थेचा परिणाम काय झाला पाहा. अमेरिकेतील काही अभ्यासकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० ते २०२० या काळात चर्चमधील लोकप्रियतेच्या याद्यांत अग्रस्थानी पोहोचलेल्या ३८ गीतांपैकी ३६ गीतांचा संबंध हिलसाँग, बेथेल, पॅशन आणि एलेव्हेशन या केवळ चार महाचर्चशी होता. कोट्यवधी लोकांनी रविवारी ईश्वरासमोर कोणते शब्द उच्चारावेत, हे चार ठिकाणी ठरू लागले. इतकी सत्ता इतक्या थोड्या हातांत एकवटली की त्या हातांना प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

शिक्षा कोणाला, अभय कोणाला?

या उद्योगाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात गाण्याबरोबर गायकाचे चारित्र्यही विकले जाते. सर्वसाधारण रॉक गायक मद्यधुंद अवस्थेत सापडला तर त्याचा खप कमी होत नाही, कदाचित वाढतो. ख्रिस्ती गायकाचे तसे नाही. आईवडील आपल्या मुलांना त्याच्या कार्यक्रमाला पाठवितात ते ‘येथे भीती नाही’ या विश्वासाने. हा विश्वास हाच खरा माल आहे. गाणे हे त्याचे वेष्टन. म्हणून या क्षेत्रात नैतिकतेची अट करारात लिहिली जाते. वरवर पाहता ही अट उदात्त वाटते. पण अट कराराची झाली की ती मालाच्या हमीसारखी होते. माल बाहेरून शाबूत दिसतो तोवर आत काय आहे हे तपासण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

नव्वदच्या दशकातील तीन घटना पाहाव्यात. १९९४ मध्ये मायकेल इंग्लिश या गायकाला वर्षातील सर्वोत्कृष्ट कलाकाराचा डव्ह पुरस्कार मिळाला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने आपले एका विवाहित गायिकेशी संबंध असल्याचे कबूल केले, पुरस्कार परत केले आणि कंपनीने त्याच्याशी नाते तोडले. १९९५ मध्ये सँडी पॅटी या अनेक डव्ह पुरस्कार मिळविलेल्या गायिकेला विवाहबाह्य संबंधांची जाहीर कबुली द्यावी लागली. १९९९ मध्ये एमी ग्रँटचा घटस्फोट झाला, पुढच्या वर्षी तिने दुसरा विवाह केला आणि काही ख्रिस्ती आकाशवाणी केंद्रांनी तिची गीते लावणे बंद केले.

ही तिन्ही प्रौढ माणसांच्या खासगी आयुष्यातील स्खलने किंवा दुःखे होती. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही; ज्यांची घरे मोडली त्यांची वेदना खरीच होती. पण यांपैकी कोणीही दुर्बलावर बळजोरी केली नव्हती, कोणाच्या असहायतेचा लाभ उठविला नव्हता. तरीही उद्योगाने त्वरेने आणि कठोरपणे हात झटकले. पुढे २००८ मध्ये रे बोल्ट्झ आणि २०१० मध्ये जेनिफर नॅप या दोन लोकप्रिय गायकांनी आपण समलैंगिक असल्याचे स्वतः होऊन सांगितले. त्यांनाही या बाजारपेठेची दारे बंद झाली. त्या विषयावर चर्चची जी भूमिका आहे ती असो. पण या दोघांनी लोकांना फसविण्याचे थांबवले, हा त्यांच्या वर्तनाचा भाग होता, आणि त्याच क्षणी ते बाहेर पडले. याच काळात टेट मात्र व्यासपीठावर होते. जो सत्य बोलला त्याला रस्ता दाखविला गेला आणि जो असत्य जगत राहिला त्याला टाळ्या मिळाल्या. नवागतांनी यातून काय शिकायचे? बोलू नका, लपवा, हेच.

या धड्याची विकृत फळे पुढे दिसली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल गुग्लिएलमुची या पाळक-गीतकाराने आपल्याला असाध्य कर्करोग झाल्याचे सांगून रोग बरा करणाऱ्या ईश्वरावर एक गीत रचले. नाकात प्राणवायूची नळी घालून तो ते गात असे. ते हिलसाँगच्या त्या वर्षीच्या संग्रहात आले आणि अनेक देशांतील खऱ्याखुऱ्या रुग्णांनी त्यावर आपली आशा टांगली. ऑगस्ट २००८ मध्ये उघड झाले की त्याला कर्करोग नव्हताच. अश्लील चित्रांच्या जुन्या व्यसनातून आलेल्या अपराधभावाने आपण हे सोंग रचले, असे त्याने सांगितले. दोन वर्षे रुग्ण म्हणून जगलेल्या या मनुष्याची कोणी साधी वैद्यकीय चौकशीही केली नव्हती. व्यसन सांगण्यापेक्षा मरण सांगणे त्याला सोपे वाटले! यात त्याचा दोष मोठा आहेच. पण ज्या वातावरणात माणसाला असे वाटू शकते, त्या वातावरणाबद्दलही काही म्हटले पाहिजे. आणि गीताचे काय झाले? दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या गायिकेच्या आवाजात ते अमेरिकेत लोकप्रिय झाले. निर्माता खोटा ठरला तरी माल खपण्याजोगा होता.

सॅन दिएगोच्या ‘अ‍ॅझ आय ले डाइंग’ या वृंदाचा गायक टिम लँबेसिस याला मे २०१३ मध्ये अटक झाली. विभक्त राहणाऱ्या पत्नीच्या हत्येची सुपारी त्याने ज्याला दिली तो वेशांतर केलेला पोलीस निघाला. २०१४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. एका मुलाखतीत त्याने सांगितले की, आपली श्रद्धा कधीच संपली होती, तरी ख्रिस्ती वृंद म्हणून आपला माल विकला जात होता; बरोबर दौरे करणाऱ्या तथाकथित ख्रिस्ती वृंदांपैकी जेमतेम दहात एक खरोखर ख्रिस्ती असेल. हा गुन्हेगाराचा शब्द असल्याने तो तोलूनमापूनच घ्यावा. त्याच्या सहकाऱ्यांनीही त्याच्या काही विधानांना हरकत घेतली होती. पण श्रद्धेचा शिक्का ही केवळ विक्रीची सोय होऊन बसते, हे त्यातून दिसल्यावाचून राहत नाही.

उपासनेच्या व्यासपीठामागे

वरील उदाहरणे गायकांची झाली. याहून गंभीर आहेत ती ज्या संस्थांच्या छत्राखाली हे संगीत वाढले त्यांची.

सिडनीचे हिलसाँग चर्च १९८३ मध्ये ब्रायन आणि बॉबी ह्यूस्टन या दांपत्याने सुरू केले. त्याचा जगभर प्रसार प्रवचनांनी झाला त्याहून अधिक गीतांनी झाला. मुंबईतील इंग्रजी प्रार्थनासभांतही ती गीते गायिली जातात. ब्रायन यांचे वडील फ्रँक ह्यूस्टन हेही पाळक होते. त्यांनी काही दशकांपूर्वी एका मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचे १९९९ मध्ये मुलासमोर कबूल केले. २००४ मध्ये ते मरण पावले. ही बाब पोलिसांपर्यंत गेली नव्हती. बालकांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१४ मध्ये सुनावणी घेतली आणि पुढील वर्षीच्या अहवालात पोलिसांना न कळविल्याबद्दल आणि पुत्र व पदाधिकारी या दोन भूमिकांतील हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल ठपका ठेवला. २०२१ मध्ये ब्रायन यांच्यावर गुन्हा लपविल्याचा खटला भरला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, कारण पीडिताची पोलिसांकडे जाण्याची इच्छा नव्हती असे मानण्यास त्यांना सबळ कारण होते. न्यायालयाचा निर्णय आदरपूर्वक स्वीकारलाच पाहिजे. तथापि, त्याआधीच, मार्च २०२२ मध्ये, दोन महिलांच्या तक्रारींच्या संदर्भात वर्तनसंहितेचा भंग झाल्याचे चर्चच्याच चौकशीत आढळले आणि ब्रायन यांनी राजीनामा दिला होता. न्यूयॉर्क शाखेचे प्रमुख पाळक कार्ल लेंट्झ यांना २०२० मध्येच काढून टाकण्यात आले होते. या सर्व काळात जगभरच्या चर्चमध्ये रविवारी त्याच संस्थेची गीते गायिली जात होती आणि त्यांचे शुल्क नियमितपणे जमा होत होते.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक अंतर्मुख करणारे आहे. वॉटफर्ड येथील ‘सोल सर्व्हायव्हर’ या चळवळीचे नेते माइक पिलावाची यांच्या १९९३ पासून २०१९ पर्यंत चाललेल्या उन्हाळी मेळाव्यांना हजारो तरुण जमत. त्यांच्याविषयी एक कथा नेहमी आदराने सांगितली जाई. चर्चमधील संगीत हेच लोकांचे आकर्षण होऊन बसले आहे असे वाटल्याने त्यांनी काही काळ वाद्यवृंद आणि ध्वनियंत्रणाच बंद केली. त्या मौनातून मॅट रेडमन या तरुण गायकाला एक गीत सुचले आणि ते जगभर गेले. दिखाऊपणाविरुद्धचे इतके सुंदर उदाहरण क्वचितच सापडेल! परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीने निष्कर्ष काढला की, याच पिलावाची यांनी आपल्या पदाचा दीर्घकाळ गैरवापर केला, हाताखालच्या तरुणांवर दडपशाहीचे नियंत्रण ठेवले आणि तरुण पुरुषांशी मालिश व कुस्तीच्या निमित्ताने अनुचित वर्तन केले. ज्या गायकाचे गीत त्या कथेच्या केंद्रस्थानी होते, त्या रेडमन यांनीच आपणही हा त्रास भोगल्याचे जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अहवालात संस्थेच्या जबाबदार व्यक्तींनी वेळीच पावले न उचलल्याचे नमूद झाले. वाद्ये बंद करण्याचे धैर्य असलेल्या चळवळीला एका माणसाला थांबविण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

मौनाची भिंत

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. भिंत कशाची?

पहिला थर उपजीविकेचा. एका लोकप्रिय गायकावर वादक, तंत्रज्ञ, व्यवस्थापक, कंपनी, प्रकाशक आणि कार्यक्रमांचे आयोजक अशा अनेकांची पोटे अवलंबून असतात. त्याच्याविषयी बोलणे म्हणजे आपल्याच अन्नात माती कालवणे. दुसरा थर अधिक सूक्ष्म, तो श्रद्धेचा. ‘याच्या गाण्याने हजारो लोक देवाकडे वळले आहेत, हे उघड झाले तर त्यांची श्रद्धा डळमळेल,’ असा युक्तिवाद केला जातो. बोलणाऱ्याला तो स्वतःला प्रामाणिकही वाटतो. तिसरा थर क्षमेचा. क्षमा हे ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठ मूल्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो; संस्थेच्या संचालक मंडळाचा नव्हे. पीडिताला न विचारता, त्याची भरपाई न करता, गुन्हेगाराला परस्पर क्षमा देऊन पुन्हा व्यासपीठावर आणले जाते, तेव्हा ती क्षमा उरत नाही, ती झाकपाक होते.

आणि या तीन थरांच्या तळाशी दबलेला असतो तो एखादा विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी. ज्याच्या गाण्यांवर वाढलो त्याच्या वृंदात काम मिळाले, म्हणून आनंदाने घराबाहेर पडलेले. त्यांचे ऐकणार कोण? ते बोलले तर देवाच्या कार्याचे शत्रू ठरतात. न बोलले तर पुढचा बळी तयार होतो. या सर्व प्रकरणांत खरी हानी झाली आहे ती कोणा कंपनीच्या नावलौकिकाची नव्हे, या तरुणांची. आणि नेमका त्यांचाच हिशोब कोणत्याही वहीत नाही.

टेट प्रकरणानंतर ‘के-लव्ह’ या मोठ्या ख्रिस्ती आकाशवाणी जाळ्याने न्यूजबॉइजची गीते थांबविली. वृंदाच्या उर्वरित सदस्यांनी आपली फसवणूक झाल्याचे सांगितले. जानेवारीत टेट यांनी दुहेरी आयुष्याची कबुली दिली होती, पण प्रकार इतका गंभीर असेल याची कल्पना नव्हती, असे त्यांचे म्हणणे. गीते थांबविणे सोपे आहे. १९९४ मध्येही तेच झाले होते. त्याने माल मागे घेतला जातो. मूळ रोगावर उपचार होत नाही. जी व्यवस्था खासगी स्खलन आणि दुसऱ्यावर केलेला अत्याचार यांतील भेदच ओळखत नाही, दोन्हींना केवळ ‘नावाला बट्टा’ या एकाच मापाने मोजते, तिच्याकडून न्यायाची अपेक्षा करता येत नाही. संस्थेबाहेरची स्वतंत्र चौकशी, तक्रारदाराला संरक्षण, गुन्ह्याची वार्ता थेट पोलिसांकडे आणि हिशोब उघडे, या चार साध्या गोष्टी झाल्याशिवाय पुढचे निवेदन कधी येईल एवढाच प्रश्न उरतो.

वेगळी वाट होती

असे होणे अटळ होते काय? नव्हते, आणि याचा पुरावा याच क्षेत्रातील दोन गायकांनी दिला आहे. कीथ ग्रीन याने १९७९ मध्ये लोकप्रियतेच्या ऐन भरात आपल्या कंपनीशी असलेला करार संपवून घेतला. ईश्वराचे गुणगान पैशाला विकायचे नाही, असे ठरवून त्याने १९८० चा आपला संग्रह ज्याला जेवढे शक्य असेल तेवढ्या किमतीत, आणि काहीच शक्य नसेल त्याला विनामूल्य दिला. जुलै १९८२ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विमान अपघातात त्याचा अंत झाला. दुसरा रिच मुलिन्स. त्याच्या गीतांचे उत्पन्न त्याच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या हाती जाई. अमेरिकेतील सामान्य कामगाराच्या सरासरी वेतनाइतकी रक्कम त्याला मिळे, उरलेली दानधर्मात जाई. आपण किती कमावतो हे आपल्याला सांगू नये, अशी त्याची इच्छा होती. १९९७ मध्ये अपघाती निधन होण्यापूर्वीची वर्षे तो नवाहो आदिवासींच्या वस्तीत राहून मुलांना संगीत शिकवीत होता. ही माणसेही निर्दोष नसतील. पण त्यांनी आपल्या भोवती असे कुंपण घातले की, त्यांचे गाणे हा कोणाच्याही लपवालपवीचा आधार होऊ शकला नाही. उद्योगाने त्यांची गीते घेतली, पण वाट घेतली नाही.

हे सारे वाचून आपल्यापैकी कोणी दूरच्यांच्या घरातील आग पाहिल्याचे समाधान मानू लागला तर ते उचित होणार नाही. कीर्तनाच्या गावी कीर्तनकाराने द्रव्य घेऊ नये, हा वारकरी परंपरेचा दंडक काही उगाच घातला गेलेला नाही. गाणाऱ्याच्या मुखातील नाम आणि त्याच्या हातातील थैली यांचे नाते आपल्या पूर्वसूरींनी फार आधी ओळखले होते. तो दंडक आज किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या सप्ताहाकडे पाहून ठरवावे. सत्संगाला लाखोंचा समुदाय जमविणाऱ्या आसाराम बापूंना अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्या मुलीचे कुटुंबही श्रद्धाळूच होते आणि तिलाही आधी खोटे ठरविण्यात आले होते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आपल्या भाषेत रूढ झाली, याचाच अर्थ असा की, हा अनुभव आपल्याला परका नाही. जी फूटपट्टी आपण नॅशव्हिल आणि सिडनीला लावतो, ती आपल्या मंडपातही तितकीच सरळ ठेवली पाहिजे. अन्यथा ती फूटपट्टी नव्हे, काठी ठरते.

ज्या समाजाला भक्तिगीते प्रिय आहेत, त्याने गायकाकडून पावित्र्याचे प्रदर्शन मागू नये; उत्तरदायित्व मागावे. प्रदर्शन मागितले की ते विकत मिळते, आणि विकत मिळालेल्या पावित्र्याची किंमत शेवटी कोणीतरी निष्पाप चुकवितो. टेट यांच्या निवेदनानंतर अमेरिकेतील अनेक श्रद्धाळू घरांत जुन्या ध्वनिफितींकडे पाहून जो प्रश्न विचारला गेला असेल, ‘आता ही गाणी ऐकावीत की नाहीत?’, त्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. परंतु त्याआधी विचारण्याजोगा एक प्रश्न आहे: ज्यांनी सांगण्याचा प्रयत्न केला होता, त्यांचे आपण तेव्हा ऐकले का?